निसर्गपार्श्वभूमीवरील व्यक्तिछायाचित्रण

निसर्गपार्श्वभूमीवरील व्यक्तिछायाचित्रण हा व्यक्तिछायाचित्रणाचा एक प्रकार आहे. यात छायाचित्राचा विषय असलेली व्यक्ती स्टुडिओबाहेर, डोंगर, नदी, शेत, वृक्षराजी किंवा एखादे प्राचीन वास्तुशिल्प यांच्या सान्निध्यात टिपली जाते. पार्श्वभूमी येथे केवळ शोभेसाठी नसते. व्यक्ती कोठे आहे, कोणत्या ऋतूत आहे आणि त्या जागेशी तिचा काय संबंध आहे, हे सांगण्याचे काम ती करते. स्टुडिओत प्रकाश छायाचित्रकाराच्या हाती असतो, उघड्यावर तो सूर्य, ढग आणि धूळ यांच्या हाती असतो. त्यामुळे छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार सोपा वाटतो, पण प्रत्यक्षात तो अवघड जातो.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या मार्गावरील शहरे या प्रकाराच्या सरावासाठी सोयीची ठरतात. दाट वस्तीचे औद्योगिक शहर, अकराव्या शतकातील शिवमंदिर, भातखाचरे, उल्हास नदी आणि माथेरान–मलंगगड डोंगररांग हे सारे लोकलने अर्ध्या तासाच्या टप्प्यात येते.

इतिहास

मुंबईत छायाचित्रणाची संस्थात्मक सुरुवात इ.स. १८५४ मध्ये स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बेपासून मानली जाते. त्यानंतर लवकरच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गातून शिकून पुढे आलेले मुंबईचे आरंभीचे व्यावसायिक छायाचित्रकार होत. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही याच काळातील छायाचित्रकार होते.

व्यक्ती आणि भूदृश्य एकाच चित्रात आणण्याचा या प्रांतातील सर्वांत प्रसिद्ध आरंभीचा प्रयत्न विल्यम जॉन्सन याचा आहे. ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ हा त्याचा संग्रह इ.स. १८६३ व १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. त्यातील पुष्कळ चित्रे जोडचित्रे आहेत. माणसे एका ठिकाणी टिपली गेली, देखावे दुसऱ्या ठिकाणी, आणि नंतर दोन्हींची सांगड घालून एक चित्र तयार करण्यात आले. यामागे तांत्रिक अडचण होती. त्या काळातील ओल्या कोलोडियनच्या काचा निळ्या प्रकाशालाच अधिक संवेदनशील असत आणि प्रकाशनास काही सेकंद लागत. चेहरा नीट उमटेपर्यंत आकाश पांढरेफटक होऊन जाई, पाने हलून पुसट होत आणि माणसाला निश्चल उभे राहावे लागे. पण अडचण केवळ तांत्रिक नव्हती. या संग्रहातील माणसे स्वतःच्या नावाने नव्हे, तर जातीच्या व जमातीच्या नावाने उभी आहेत. ज्या देखाव्यासमोर ती दिसतात तेथे ती कधी गेली होती की नाही, हे चित्रावरून कळत नाही. पार्श्वभूमी खरी आणि माणूसही खरा, पण दोघांमधील नाते रचलेले, असा हा प्रकार आहे. आजचा विद्यार्थी संगणकावर आकाश बदलतो तेव्हा तो नकळत याच वाटेने जात असतो.

पुढील अनेक दशके सामान्य माणसाच्या छायाचित्रात निसर्ग आला तो रंगविलेल्या पडद्याच्या रूपाने. तळे, कमान, जिना आणि दूरवरचे डोंगर असलेले पडदे शहरोशहरीच्या स्टुडिओंत असत. महाराष्ट्रात नाटकांचे पडदे रंगविण्याची समृद्ध परंपरा होती. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे तिचे नामांकित कलावंत होते. रंगमंचावरील पडदा आणि स्टुडिओतील पडदा यांची दृश्यभाषा एकच होती. हलके कॅमेरे व वेगवान फिल्म सर्वसामान्यांच्या हाती आल्यावर छायाचित्रकार पडद्याकडून प्रत्यक्ष डोंगराकडे वळला. अलीकडे विवाहपूर्व छायाचित्रणाच्या व्यवसायामुळे या प्रकाराला मोठी मागणी आली असून अनेक विद्यार्थ्यांची पहिली कमाई यातूनच होते.

परिसर

उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचे शहर असून कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी इ.स. १९४९ मध्ये त्याची स्थापना झाली. इ.स. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ५,०६,०९८ होती. एवढ्या दाटीत मोकळी पार्श्वभूमी दुर्मीळ आहे आणि शहरातून जाणारी वालधुनी नदी औद्योगिक सांडपाण्याने प्रदूषित झालेली आहे. त्यामुळे निसर्गचित्रासाठी विद्यार्थी बहुधा पुढच्या स्थानकांकडे जातात. असे असले तरी अरुंद गल्लीत दोन भिंतींमधून येणारा मऊ प्रकाश चेहऱ्यासाठी उत्तम असतो, आणि तो सोडून उन्हात जाण्याची घाई नवशिक्याने न केलेलीच बरी.

अंबरनाथचे शिवमंदिर शिलालेखानुसार शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० मधील असून ते शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळात पूर्ण झाले. वालधुनीच्या काठावरील हे भूमिज शैलीचे मंदिर काळ्या बसाल्ट दगडात बांधलेले आहे. इ.स. १८६८ मध्ये मुंबई सरकारने रेखाटने, साचे आणि छायाचित्रे यांच्या साहाय्याने त्याची नोंद करवून घेतली होती. छायाचित्रकाराच्या दृष्टीने मंदिराच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. म्हणून सकाळी दर्शनी भाग सावलीत राहतो आणि तेथे उभ्या असलेल्या व्यक्तीवर कडक ऊन पडत नाही. उलट तिसऱ्या प्रहरानंतर तिरपे ऊन कोरीव कामावर पडून शिल्पांचा उठाव वाढतो. दुसरी गोष्ट दगडाची. काळा दगड फारच थोडा प्रकाश परावर्तित करतो. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो, म्हणून तो काळ्या दगडाला करडा करू पाहतो आणि त्या नादात चेहरा पांढरा पडतो. अशा वेळी मापन चेहऱ्यावरूनच करावे लागते.

बदलापुरात दृश्य मोकळे होते. शहराच्या पश्चिम व नैर्ऋत्य बाजूला मलंगगड, तावली, चंदेरी यांची रांग माथेरानच्या दिशेने पसरलेली आहे. पायथ्याशी भातखाचरे आहेत आणि उल्हास नदी शहराजवळून वाहते. रांग पश्चिमेकडे असल्यामुळे सकाळचे ऊन कड्यांवर समोरून पडते व त्यांचे पोत स्पष्ट दिसतात. संध्याकाळी सूर्य रांगेमागे जातो, डोंगर सपाट निळसर आकृतींसारखे होतात आणि व्यक्तीच्या केसांना प्रकाशाची किनार मिळते. पायथ्याशी सूर्यास्त पंचांगातील वेळेच्या बराच आधी होतो. वेळापत्रक पाहून पोहोचलेल्या विद्यार्थ्याला सावलीतले खाचर तेवढे मिळते, ते याच कारणाने.

अंतर, भिंग आणि डोंगराची उंची

निसर्गपार्श्वभूमीच्या चित्रात पहिला निर्णय घ्यायचा तो व्यक्तीपासून किती दूर उभे राहायचे याचा. कॅमेऱ्याचा प्रश्न त्यानंतर येतो. चित्रात एखाद्या वस्तूची उंची तिची प्रत्यक्ष उंची भागिले अंतर या प्रमाणात उमटते. उदाहरणादाखल, ६ किलोमीटर अंतरावरील ६०० मीटर उंचीचा डोंगर घेतल्यास हे प्रमाण ०.१ येते. १.६ मीटर उंचीची व्यक्ती कॅमेऱ्यापासून २ मीटरवर असेल तर तिचे प्रमाण ०.८ होते, म्हणजे चित्रात डोंगर तिच्या एक-अष्टमांश उंचीचा दिसतो. तीच व्यक्ती ८ मीटरवर गेली की डोंगर तिच्या निम्म्या उंचीचा होतो आणि १६ मीटरवर दोघे बरोबरीचे होतात. छायाचित्रकार चौदा पावले मागे सरकला तरी डोंगराच्या अंतरात काही फरक पडत नाही, माणूस तेवढा लहान होतो.

भिंगाचे केंद्रांतर, म्हणजेच फोकल लेन्ग्थ, यानंतर येते. ३५ मिलिमीटर संवेदकाच्या कॅमेऱ्यात २ मीटरवरील वरील व्यक्ती ३५ मिमी भिंगाने सुमारे २८ मिमी उंच उमटते आणि उभ्या चौकटीचा बराचसा भाग व्यापते. १६ मीटरवरून तेवढीच मोठी प्रतिमा हवी असल्यास २८० मिमी केंद्रांतर लागते. ‘लांब भिंग डोंगर जवळ आणते’ असे सर्रास म्हटले जाते, पण ते अर्धसत्य आहे. डोंगर मोठा दिसतो तो मागे सरकल्यामुळे, आणि लांब भिंग त्या दृश्याचा मधला तुकडा उचलते एवढेच. हे एकदा हाताने करून पाहिल्याशिवाय सहसा पटत नाही. म्हणून एकाच व्यक्तीला एकाच जागी उभे करून २, ८ व १६ मीटरवरून चित्रे घेणे हा या विषयातील सर्वांत उपयुक्त सराव ठरतो. त्यासाठी महागडे भिंग लागत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही प्रमाणातील फरक दिसतो.

पार्श्वभूमी स्पष्ट ठेवायची की पुसट, हा पुढचा प्रश्न. ३५ मिमी भिंग एफ/११ छिद्रावर सुमारे ३.७ मीटरवर केंद्रित केले असता साधारण १.८५ मीटरपासून अनंतापर्यंत सर्व काही समाधानकारक स्पष्ट राहते. ८५ मिमी भिंग एफ/२ वर व्यक्तीवर केंद्रित केले तर डोंगराचा रंगीत धूसर पट्टा उरतो. हल्ली पार्श्वभूमी अतोनात पुसट करण्याची आवड फोफावली आहे. पण ज्या चित्रात चंदेरीचा सुळका ओळखू येत नाही ते चित्र कोणत्याही हिरव्या पडद्यासमोर काढता आले असते, आणि मग बदलापूरपर्यंत जाण्याचे प्रयोजन राहत नाही. ए‍फ/५.६ ते एफ/८ च्या दरम्यान डोंगराची रेषा ओळखीची राहून गवताची बारीक गजबज मात्र शांत होते, असे बहुतेक प्रसंगी आढळते.

प्रकाश

परदेशी पुस्तकांतील व चित्रफितींतील सल्ला कोकणपट्टीत जसाच्या तसा लागू पडत नाही. लंडनमध्ये डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे १५ अंशांवरच असतो, त्यामुळे तेथे दिवसभर तिरपा प्रकाश मिळतो. बदलापूर सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे डिसेंबरातही मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४७ अंश वर असतो. सूर्य जवळजवळ उभाच वर चढतो, म्हणून उगवल्यापासून १० अंशांवर येईपर्यंत जेमतेम पाऊण तास मिळतो. सोनेरी प्रकाशाचा ‘तास’ येथे तासाचा नसतोच. सुमारे १६ मे व २७ जुलै या दिवसांच्या आसपास सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. त्यांना शून्य सावलीचे दिवस म्हणतात. जुलैतील दिवस बहुधा ढगांत जातो. मेच्या दुपारी मात्र भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते, नाकाची ओठांवर पडते आणि चेहरा थकलेला दिसतो. झाडाच्या सावलीच्या कडेला, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून व्यक्तीला उभे करणे हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. झाडाखाली पानांतून झिरपणारे उन्हाचे कवडसे मात्र टाळावे लागतात, कारण ते गालावर डागांसारखे उमटतात.

सूर्य पाठीमागे असताना चेहरा आणि आकाश यांच्या प्रकाशात एवढी तफावत असते की दोन्ही एकाच वेळी नीट येत नाहीत. तेव्हा चेहऱ्यावर प्रकाश परतवावा लागतो. त्यासाठी तयार परावर्तक मिळतो, परंतु पांढरी चादर किंवा धुतलेले धोतर दोघांनी ताणून धरले तरी काम भागते. चंदेरी कागद अधिक प्रकाश देतो, पण त्याने समोरची व्यक्ती डोळे मिटते. फ्लॅश वापरायचा झाल्यास शटरची गती बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० सेकंदापलीकडे नेता येत नाही. त्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणून तो चेहऱ्यावर पडतो आणि डोंगरावर त्याचा काहीही परिणाम होत नाही. याचाच फायदा घेऊन आकाश किंचित गडद ठेवून चेहरा उजळता येतो.

सावळ्या वर्णाचे यथार्थ चित्रण हा या विषयातील दुर्लक्षित भाग आहे. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळविण्यासाठी कोडॅक कंपनी ‘शर्ली कार्ड’ नावाची नमुनाचित्रे पुरवीत असे आणि दीर्घकाळ त्यांवर गोऱ्या स्त्रीचेच छायाचित्र होते. डिजिटल कॅमेऱ्यांत सुधारणा झाली असली, तरी उजळ आकाशापुढे सावळा चेहरा काळवंडतो आणि मोबाइलचे सौंदर्यवर्धक तंत्र त्याला आपोआप गोरा करते. या दोन्ही चुका आहेत. प्रकाशन चेहऱ्यावरून ठरविणे आणि त्वचेचा मूळ रंग संगणकावर न बदलणे, हे दोन्ही चुकांवरचे साधे उत्तर होय.

ऋतू

जूनच्या अखेरीस डोंगर हिरवे होतात आणि जुलैत खाचरांत भातलावणी सुरू होते. ढगांमुळे प्रकाश मऊ असतो, परंतु भोवतीच्या हिरवाईवरून परतलेला प्रकाश हनुवटीखाली व मानेवर हिरवट झाक आणतो. पांढरा शर्ट घातलेल्या व्यक्तीवर ती चटकन दिसते. मातीच्या पायवाटेवर उभे केल्यास ती कमी होते. ऑक्टोबर–नोव्हेंबरात भात पिकून खाचरे सोनेरी होतात. पावसाने धुतलेली हवा अजून स्वच्छ असते, आणि दूरच्या डोंगरासाठी हाच काळ वर्षातील सर्वोत्तम म्हणावा लागेल. हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून धूर व धूळ साचते, त्यामुळे रांगेचे तपशील निळसर-करड्या पडद्याआड जातात. या धूसरतेलाही उपयोग आहे. एकामागे एक रांगा क्रमाने फिकट होत गेल्याने चित्राला खोली येते. फेब्रुवारी–मार्चमध्ये गवत पिवळे पडते, पळस फुलतो. मे महिन्याचा उघडा, तपकिरी डोंगर विद्यार्थी सहसा टाळतात. ते टाळणे अनाठायी आहे, कारण रंग नसतात तेव्हा आकाराकडे लक्ष जाते.

पाणी व इतर धोके

पावसाळ्यातील धबधबा ही सर्वाधिक मागणी असलेली पार्श्वभूमी आहे आणि सर्वाधिक धोक्याचीही. कोंडेश्वरसारख्या ठिकाणी पर्यटक बुडाल्याच्या घटना वारंवार घडल्या असून जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धबधबे, धरणे व नदीपात्रे येथे जाण्यास मनाई करणारे आदेश काढत असते. डोंगरउतारावरील ओढ्यांचे पाणलोट क्षेत्र लहान आणि तीव्र उताराचे असते. माथ्यावर जोराची सर आली की खाली पाऊस नसतानाही काही मिनिटांत पाणी चढते. छायाचित्र काढताना या धोक्यात एक खास भर पडते. धबधबा चित्रात यावा म्हणून व्यक्तीची पाठ प्रवाहाच्या वरच्या बाजूला असते आणि छायाचित्रकाराचे डोळे पडद्यावर खिळलेले असतात. ज्या दिशेने पाणी येणार तिकडे दोघांपैकी कोणीही पाहत नसते. पाण्याच्या आवाजात हाकही ऐकू येत नाही. मनाई नसलेल्या जागीही पात्रात न उतरता काठावरून, लांब भिंगाने चित्र घेणे आणि केवळ वरच्या बाजूला लक्ष ठेवण्यासाठी तिसरी व्यक्ती सोबत नेणे आवश्यक ठरते. पाणी गढूळ झाले किंवा त्यात पालापाचोळा वाहत येऊ लागला, तर ती पूर येत असल्याची खूण असते.

उल्हास नदी सपाटीवर शांत दिसते. २७ जुलै २०१९ रोजी तिच्या पुरामुळे बदलापूर व वांगणी यांदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करावी लागली. तिचे पात्र किती पसरू शकते याची कल्पना त्यावरून येते.

रेल्वेरुळांवर छायाचित्रे काढण्याची हौस या उपनगरांत बरीच आढळते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत अनधिकृत प्रवेश हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

संमती आणि हक्क

अंबरनाथचे मंदिर केंद्र-संरक्षित स्मारक आहे. तेथे तिपाई लावून अथवा व्यावसायिक स्वरूपाचे चित्रीकरण करायचे असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी घ्यावी लागते. मंदिरात नित्य पूजा चालते आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. भाविकांच्या वाटेत उभे राहून पोझ देणे नियमात बसले तरी शिष्टाचारात बसत नाही.

भातखाचर ही कोणाची तरी जमीन असते. बांधावरून चालताना तो ढासळला तर खाचरातले पाणी वाहून जाते आणि नुकसान शेतकऱ्याचे होते. लावणी करणाऱ्या स्त्रिया किंवा मोळी घेऊन जाणारे ठाकूर व कातकरी समाजातील लोक ‘पार्श्वभूमी’ म्हणून चौकटीत घेतले जातात तेव्हा जॉन्सनच्या संग्रहातीलच चूक दीडशे वर्षांनी पुन्हा होते. ज्याचा चेहरा ओळखू येतो त्याला आधी विचारणे, नाव विचारून चित्राखाली त्याच्या इच्छेनुसार लिहिणे किंवा न लिहिणे, आणि छापील प्रत नेऊन देणे, ही पद्धत अनेक जाणते छायाचित्रकार पाळतात. प्रत देण्यासाठी दुसऱ्यांदा गेलेल्या विद्यार्थ्याला बहुधा पहिल्यापेक्षा चांगले चित्र मिळते, कारण त्या वेळी समोरची व्यक्ती कॅमेऱ्याकडे नव्हे तर ओळखीच्या माणसाकडे पाहत असते.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार छायाचित्राचा कर्ता छायाचित्रकार असतो. मात्र कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल, तर अन्यथा करार नसल्यास त्याचा पहिला स्वामी काम सोपविणारी व्यक्ती ठरते. विवाहपूर्व छायाचित्रे स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने हे आधीच लेखी ठरवून घेणे हितावह असते. छायाचित्रांवरील हा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो.

सराव

मुंबई विद्यापीठाच्या जनसंवाद पदवी अभ्यासक्रमात तसेच उपयोजित कलेच्या शिक्षणात छायाचित्रण शिकविले जाते, परंतु भूदृश्यातील व्यक्तिचित्र वर्गात बसून शिकता येत नाही. नेहमीचा सराव असा असतो. एकच जागा निवडून तेथे सकाळी, दुपारी आणि सूर्य डोंगराआड जाण्याच्या सुमारास जाणे, प्रत्येक वेळी तीच व्यक्ती, तेच कपडे आणि तेच अंतर ठेवणे, आणि प्रकाशनाचे आकडे वहीत लिहिणे. आकडे कॅमेऱ्यात आपोआप नोंदले जातात, परंतु ढग कोणत्या बाजूला होते आणि व्यक्ती कितव्या मिनिटाला सैल झाली हे वहीतच सापडते. क्षितिजाची रेषा मानेतून वा डोळ्यांतून जाणार नाही हे पाहणे आणि डोक्यामागून विजेचा खांब उगवलेला नाही याची खात्री करणे, या दोन गोष्टी प्रत्येक पिढीचे विद्यार्थी नव्याने चुकतात. बदलापूरच्या दृश्यांत खांबाबरोबर आता उंच इमारतीही आल्या आहेत. इ.स. २०११ मध्ये १,७४,२२६ लोकसंख्या असलेले हे शहर डोंगराच्या दिशेने वाढत आहे, आणि जुन्या चित्रांतील मोकळ्या क्षितिजाच्या जागी आज नव्या इमारतींचे सांगाडे दिसतात. काही विद्यार्थी या इमारती चौकटीबाहेर ठेवण्यासाठी कॅमेरा खाली नेऊन गवतातून चित्र घेतात, तर काही त्या इमारतींसहच घेतात.